ढाल

दसरा होऊन आठ दिवस.
घाटीगावच्या अलीकडे जीप सोडली
आणि बुजवलेल्या खाणीच्या भरावावर चढले.
खांद्यावर टेप, कोनमापक, पाण्याची बाटली,
आईनं बळंच दिलेला दडप्या पोह्यांचा डबा.

साठ लोखंडी सळ्या ठोकल्यात या उतारावर.
जेठात प्रत्येकीचं डोकं मातीवर बरोबर दहा सेंटीमीटर ठेवलं होतं.
आता जितकी जास्त उघडी, तितकी माती गेली.
हिशेब एवढाच. बसायचं, मोजायचं, उठायचं.

सळई सात : अकरा पूर्णांक चार.
सळई आठ : तेवढीच.
नववी वाकलेली, एखाद्या म्हशीनं अंग घासलं असावं.
सळई बारा सापडत नाही.
बोटभर ओघळींना मी फक्त खोली देते.
मनगटाएवढी झाली की नकाशावर निळी रेघ,
कंबरेएवढी झाली की वर पत्र.

पंचम मागून येतोय. चौकीदार.
तीस वर्षं याच खाणीत त्यानं फरशीचा दगड काढला,
आता पगार घेतो तो इथं कुणी दगड काढू नये म्हणून.
दर टप्प्यावर थांबतो, खोकतो.
तेवढा वेळ मी गुंडाळलेली टेप पुन्हा गुंडाळते.

"ढाल ठीक है, मॅडम."
लश्करात जन्मले, हिंदी माझ्याही जिभेवर वाढली,
तरी हा शब्द दर वेळी आधी घरच्या मराठीतच ऐकू येतो :
छातीपुढं धरतात ती.
मग कळतं, उताराबद्दल बोलतोय.

वरच्या टप्प्यावर, वाळ्याच्या तिसऱ्या ओळीमागं, भेग.
करंगळी जाईल एवढी, लांबी सतरा पावलं.
उभ्या ओघळी पाण्याच्या असतात, त्या लपत नाहीत.
ही आडवी. आडवी भेग वजनाची असते.
आणि ती कुणीतरी चिकणमातीनं लिंपलेली,
वर शेण, वर दगडाच्या कपच्या, नीट बसवलेल्या,
चुलीपुढची जमीन सारवावी तशी.

"कधीपासून?"
"भादों से."
"कळवलं का नाही?"
पंचम फाटकावरच्या पाटीकडे बोट करतो.
त्या नंबरावर तीनदा फोन लावलाय त्यानं.
तिथं एक बाई सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही,
आणि सांगते फार गोड आवाजात.

मग तो काठी आपटून दाखवतो.
"पत्थर ठोको तो बोलता है. मलबा नहीं बोलता.
चुपचाप उतर जाता है."
खाली, उताराच्या पायथ्याशी, अकरा झोपड्या.
तिसरीवर बाजरीची कणसं वाळत घातलीयत.
ती त्याची.

फॉर्मवर दोनच चौकटी : स्थिर, अस्थिर.
पेन तसंच हातात.

भेगेच्या दोन्ही अंगांना दोन खुंट्या ठोकल्या.
अंतर चारशे बारा मिलिमीटर.
म्हटलं, रोज सकाळी मोजा, लिहून ठेवा.
तो हसला. अक्षर नाही येत.
खैराची एक फांदी तोडली, कोयत्यानं तासली,
दोन खुंट्यांमध्ये अशी घट्ट बसवली
की टेपनं मला एवढं नेमकं जमलं नसतं.
"जिस दिन ये ढीली पड़ी, उसी दिन समझो."

उतरताना वाटेत आम्ही पोहे खाल्ले.
त्याला ओल्या नारळाचा खीस नवा होता,
पुन्हा पुन्हा विचारत होता, हे कशाचं.

रात्री कंपूतल्या घरी अहवाल लिहिला.
'अस्थिर' वर खूण केली, तातडीचं म्हणून पाठवला,
पोच आली, आपोआप येते ती.
आई विचारते, डबा कुठंय.
डबा राहिला तिथंच, वरच्या टप्प्यावर.

फोन उशाशी आहे, आवाज पूर्ण वाढवलेला.
पाटीवरचा नंबर मी कोळशानं खोडून आले,
त्याच्याखाली माझा लिहिला.
चारशे बारा मिलिमीटर म्हणजे
माझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या पेरापर्यंत.
अंधारात दोनदा मोजून पाहिलं.